विश्लेषण : शेरलॉक होम्सला बहीण मिळाली, तर पैसे कुणाला द्यायचे? एका काल्पनिक गुप्तहेराची खरीखुरी भाऊबंदकी

शेरलॉक होम्सच्या आईचे नाव काय? वडील काय करत? सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत होम्सच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या, पण या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे त्यांत कुठेही नाहीत. एवढ्या पसाऱ्यात होम्सचे गणगोत म्हणजे एक भाऊ, नुसत्या उल्लेखापुरती एक आजी आणि एक लांबचा नातेवाईक डॉक्टर. तरीही आज या माणसाला दोन बहिणी आहेत, आणखी दोन भाऊ आहेत, बायको आहे आणि वडील तर एकाहून जास्त आहेत. ही सगळी मंडळी डॉयल यांच्यानंतरच्या लेखकांनी त्याच्या घरात आणून बसवली.

त्यांतल्या एका बहिणीवरून, एनोला होम्सवरून, २०२० मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. नेटफ्लिक्सवर चित्रपट पाहणाऱ्या अनेकांना त्याची कल्पनाही नसेल. गंमत अशी, की वाद बहिणीचा नव्हताच. वाद होता भावाच्या स्वभावाचा. चित्रपटातला शेरलॉक बहिणीशी मायेने वागतो आणि ती माया आमच्या मालकीची आहे, असे डॉयल यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. ऐकायला हे विनोदी वाटते. पण असा दावा टिकला असता, तर कुठल्याही जुन्या पात्राला हात लावण्याआधी लेखकाला पावती फाडावी लागली असती.

पहिला नातेवाईक कुणी आणला?

खुद्द डॉयल यांनी. होम्स वाचकांसमोर आला १८८७ मध्ये. पुढची सहा वर्षे तो एकटा होता. सप्टेंबर १८९३च्या ‘स्ट्रँड’ मासिकात ‘द ग्रीक इंटरप्रिटर’ ही कथा आली आणि तिच्या सुरुवातीलाच होम्स सहज बोलल्यासारखे सांगून टाकतो, की आपल्याला सात वर्षांनी मोठा भाऊ आहे, त्याचे नाव मायक्रॉफ्ट आणि तो आपल्याहून हुशार आहे. इतकी वर्षे मित्र असलेला वॉटसन अवाक होतो. तोवर त्याने होम्सला अनाथच धरले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर हा सरळसरळ ‘रेटकॉन’ आहे. म्हणजे पुढच्या भागात अशी माहिती द्यायची, की मागचे सगळे भाग नव्या नजरेने पाहावे लागतील.

डॉयल यांना भाऊ का लागला असेल? कथेत एक प्रश्न चर्चेत असतो. होम्सची निरीक्षणशक्ती रक्तातून आली की सरावातून? भाऊ दाखवला की हा प्रश्न सुटतो. मायक्रॉफ्टची बुद्धी होम्सपेक्षा धारदार आहे, पण खुर्चीतून उठायचा त्याला कंटाळा. म्हणजे बुद्धी दोघांना मिळाली आणि धावपळ करायची हौस मात्र एकालाच. एका नातेवाइकामुळे नायक अधिक स्पष्ट दिसू लागला.

हा भाऊ पुढे नीट वापरलाही गेला. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये वॉटसनला गुपचूप स्टेशनवर पोहोचवणारा गाडीवान म्हणजे मायक्रॉफ्ट. होम्स मेला असे सारे जग समजत असताना त्याला पैसे पुरवणारा आणि बेकर स्ट्रीटची खोली राखणारा मायक्रॉफ्टच, हे १९०३च्या कथेत कळते. पहिल्या भेटीत सरकारी खात्याचे हिशेब तपासणारा हा माणूस १९०८च्या कथेत थेट ब्रिटिश सरकारचा मेंदू होऊन बसतो. निर्मात्यालाच आपल्या पात्राचा बायोडेटा असा सोयीने वाढवता येत असेल, तर इतरांचे हात शिवशिवणारच.

रिकाम्या जागा कुठे होत्या?

त्याच १८९३च्या कथेत होम्स सांगतो, की आपले पूर्वज खेड्यातले जमीनदार होते आणि आजी ही व्हर्ने नावाच्या फ्रेंच चित्रकाराची बहीण. व्हर्ने हे चित्रकारांचे घराणे फ्रान्समध्ये खरोखर होऊन गेले. पुढे १९०३च्या एका कथेत वॉटसनचा दवाखाना व्हर्नर नावाचा तरुण डॉक्टर भरपूर पैसे मोजून विकत घेतो. तो होम्सचा लांबचा नातेवाईक निघतो आणि पैसेही होम्सनेच दिलेले असतात. झाले, एवढेच.

एवढ्या धाग्यावर अमेरिकन अभ्यासक विल्यम बेअरिंग-गूल्ड यांनी १९६२ मध्ये होम्सचे अख्खे चरित्र विणले. त्यांचा तर्क मोठा मजेदार आहे. घराणे जमीनदारांचे, इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे जमीन थोरल्याकडे जाणार. पण मायक्रॉफ्ट लंडनमध्ये सरकारी नोकरी करतो आणि शेरलॉक भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणजे जमीन सांभाळणारा तिसरा, सर्वांत थोरला भाऊ गावी असलाच पाहिजे! त्यांनी त्याचे नाव ठेवले शेरिनफर्ड. हे नाव डॉयल यांच्या सुरुवातीच्या टिपणांतले. गुप्तहेराचे नाव ‘शेरलॉक’ पक्के होण्याआधी त्यांनी ‘शेरिनफर्ड होम्स’ लिहून पाहिले होते. टाकून दिलेले नाव असे भावाला लागले. होम्सच्या वडिलांना सायगर हे नावही याच चरित्राने दिले.

यानंतर रांगच लागली. १९७५ मध्ये जीन वाइल्डर यांनी आपल्या विनोदी चित्रपटात सिगर्सन हा धाकटा भाऊ आणला. लॉरी किंग यांच्या १९९४ पासूनच्या कादंबऱ्यांत मेरी रसेल ही होम्सची शिष्या आणि पुढे पत्नी होते. ‘एलिमेंटरी’ या अमेरिकन मालिकेत मॉरलंड होम्स हे गर्भश्रीमंत वडील अवतरले.

आणि बहीण? तिच्यासाठी १८९२च्या ‘कॉपर बीचेस’ कथेतले होम्सचे एक वाक्य पुरले. शिक्षिकेच्या संशयास्पद नोकरीबद्दल सल्ला विचारायला आलेल्या तरुणीला तो म्हणतो, की माझ्या बहिणीने ही नोकरी धरलेली मला आवडली नसती. बहीण आहे असे तो म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही. व्हिक्टोरियन काळातल्या पुरुषाची ती बोलण्याची पद्धत असेल. चाहत्यांना मात्र तेवढी फट पुरेशी असते.

इकडे विधिलिखित पाहा. डॉयल यांना पाच मुले झाली, पण पाचांपैकी एकालाही अपत्य झाले नाही. धाकटी मुलगी जीन यांचे १९९७ मध्ये निधन झाले आणि लेखकाचा थेट वंश तिथेच संपला. त्यांच्या कल्पनेतल्या ब्रह्मचाऱ्याचा गोतावळा मात्र वाढतोच आहे.

एनोलाने नवीन काय केले?

अमेरिकन लेखिका नॅन्सी स्प्रिंगर यांची ‘द केस ऑफ द मिसिंग मार्क्विस’ ही पहिली एनोला कादंबरी २००६ची. २०१०पर्यंत या मालिकेत सहा पुस्तके आली. एनोलाच्या चौदाव्या वाढदिवशी आई घरातून नाहीशी होते (चित्रपटात सोळाव्या). वर्षानुवर्षे न फिरकलेले दोन थोरले भाऊ येतात, मायक्रॉफ्ट पालक म्हणून कायद्याचा बडगा दाखवतो आणि तिला मुलींच्या निवासी शाळेत धाडायचे ठरवतो. ती पळून लंडन गाठते. रोमन लिपीतले तिचे नाव उलटे वाचले की ‘अलोन’ होते, म्हणजे एकटी.

बहीण आणून स्प्रिंगर यांनी फक्त स्कर्ट घातलेला होम्स उभा केला असता, तर पुस्तक विसरले गेले असते. त्यांनी उलटा विचार केला. होम्सला रात्री-अपरात्री लंडनभर फिरता येते, वेशांतर करून गुत्त्यात बसता येते, स्वतःच्या नावाने खोली भाड्याने घेता येते. त्याची ही सगळी ‘पद्धत’ पुरुष असण्यावर उभी आहे. चौदा वर्षांच्या मुलीला यांतले काहीच करता येत नाही. मग ती काय करेल? ती ज्या कॉर्सेटने मुलींना आवळले जाई, त्यातच पैसे आणि हत्यार लपवते. वर्तमानपत्रांतल्या खासगी जाहिरातींमधून सांकेतिक निरोप पाठवते. फुलांच्या भाषेतला निरोप तिला वाचता येतो, कारण आईने शिकवलेला असतो. जगातल्या सर्वांत हुशार भावाला तो दिसतही नाही. आईने पळून जाण्यापूर्वी घरखर्चाची फुगवलेली बिले लावून मायक्रॉफ्टकडूनच पैसे साठवलेले असतात, हेही दोघा भावांना उशिरा कळते.

म्हणजे बहीण आल्यावर होम्सची एक आंधळी बाजू उघडी पडली. मायक्रॉफ्टने जे १८९३ मध्ये केले, तेच काम एनोलाने २००६ मध्ये वेगळ्या दिशेने केले. दुसऱ्या चित्रपटात, २०२२ मध्ये, कथा १८८८च्या लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींच्या संपापर्यंत गेली. त्या खऱ्या संपातली सारा चॅपमन तिथे पात्र म्हणून येते. डॉयल यांच्या होम्सकडे असे प्रकरण कुणी नेलेच नसते.

खटला नेमका कशावरून?

पहिला चित्रपट २३ सप्टेंबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आला. त्याआधी जूनमध्येच ‘कॉनन डॉयल इस्टेट’ या कंपनीने अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या संघीय न्यायालयात दावा ठोकला. प्रतिवादींमध्ये लेखिका स्प्रिंगर, प्रकाशक पेंग्विन रँडम हाउस, निर्मिती करणारी लेजंडरी आणि नेटफ्लिक्स. ट्रेडमार्कचाही मुद्दा होता, पण गाभा कॉपीराइटचा.

युक्तिवाद असा : सुरुवातीचा होम्स थंड, अलिप्त, स्त्रियांविषयी तुटकपणे बोलणारा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस डॉयल यांचा थोरला मुलगा किंग्जली १९१८ मध्ये गेला, चार महिन्यांत भाऊ इनेसही गेला. या दुःखानंतर त्यांनी होम्सला मऊ केले, त्याच्या तोंडी भावना आल्या, स्त्रियांबद्दल आदर आला. हा बदललेला होम्स १९२३ ते १९२७च्या कथांत आहे, त्या कथांवर अमेरिकेत कॉपीराइट होता आणि एनोलाचा प्रेमळ भाऊ तिथूनच उचलला आहे.

१९२३ हे वर्ष कुठून आले, तर अमेरिकेच्या कायद्यातून. तिथे जुन्या कृतींचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूवरून नव्हे, प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात. १९९८ मध्ये ही मुदत ७५ वरून ९५ वर्षे केली गेली. त्यामुळे १९२२पर्यंतचे साहित्य मोकळे आणि १९२३पासूनचे आणखी वीस वर्षे कुलपात, अशी रेघ पडली. होम्सच्या शेवटच्या संग्रहातल्या १२ पैकी १० कथा रेघेच्या पलीकडे राहिल्या. ब्रिटनमध्ये डॉयल यांचा हक्क २०००च्या अखेरीस संपला. भारतात तर त्याहून बराच आधी. म्हणून भांडण अमेरिकेतच शक्य होते.

या आधी न्यायालय काय म्हणाले होते?

हाच वाद थोड्या वेगळ्या रूपात आधी होऊन गेला होता. लेस्ली क्लिंगर हे कॅलिफोर्नियातले वकील आणि होम्सचे नावाजलेले अभ्यासक. त्यांनी इतर लेखकांकडून होम्सच्या नव्या कथा लिहवून २०११ मध्ये एक संग्रह सहसंपादित केला. इस्टेटने परवान्याचे ५ हजार डॉलर मागितले आणि प्रकाशकाने ते देऊन टाकले. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी पुन्हा मागणी आली. या वेळी क्लिंगर २०१३ मध्ये स्वतःच न्यायालयात गेले.

इस्टेटचा तेव्हाचा मुद्दा चतुर होता. होम्स हे सपाट नव्हे, गोलाकार, हळूहळू घडत गेलेले पात्र आहे. ते शेवटच्या कथेत पूर्ण झाले. म्हणून शेवटची कथा मोकळी होईपर्यंत संपूर्ण पात्रच आमचे. जून २०१४ मध्ये सातव्या सर्किट अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती रिचर्ड पॉझनर यांनी हा मुद्दा फेटाळला. पात्र ज्या कथांत घडले त्या मोकळ्या झाल्या, की त्या कथांतले पात्रही मोकळे. नंतरच्या कथांतून जेवढी नवी भर पडली, तेवढीच राखीव. वॉटसन तरुणपणी रग्बी खेळायचा किंवा होम्सला उतारवयात कुत्री आवडू लागली, असले तपशील त्या भरीत मोडतात.

सॉफ्टवेअरमध्ये हे रोजचे आहे. एखाद्या ॲपचे पहिले व्हर्जन खुले केले असेल, तर दहाव्या व्हर्जनमध्ये नवे बटण टाकून पहिले परत कुलूपबंद करता येत नाही. बटण तुमचे, ॲप सगळ्यांचे.

या निकालात पैशांचा हिशेब सर्वांत बोलका आहे. अपिलापुरता क्लिंगर यांचा वकिली खर्च सुमारे ३० हजार ६८० डॉलर आला आणि तो ऑगस्ट २०१४ मध्ये इस्टेटनेच भरावा असा आदेश झाला. न्यायमूर्तींनी इस्टेटच्या या धंद्याला खंडणीचा एक प्रकार म्हटले. कारण गणित साधे होते. मागायचे ५ हजार, लढायला लागणार त्याच्या सहापट. मग हक्क असो-नसो, शहाणा प्रकाशक पैसे देऊन मोकळा होणार. चाळीतल्या नळाच्या भांडणात वकील करण्यापेक्षा शंभर रुपये देऊन गप्प बसणारे लोक असतात, तसेच हे. खर्च मिळेल याची खात्री नसताना क्लिंगर लढले, म्हणून हे बाहेर आले.

मग माया कुणाची?

२०१४च्या निकालात हरलेला मुद्दाच २०२०च्या दाव्यात भावनांचा वेष घालून परत आला. संपूर्ण पात्र मागता येत नाही ना, मग त्याचा चांगुलपणा मागू. कायदेशीर बाजू क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या कथा वाचल्या, तरी हा दावा लंगडा ठरतो.

१८९२च्या ‘ब्लू कार्बंकल’मध्ये नाताळच्या दिवसांत रत्न चोरणाऱ्या घाबरट माणसाला होम्स सोडून देतो, कारण तुरुंगात गेला तर तो कायमचा गुन्हेगार होईल. त्याच वर्षीच्या ‘स्पेकल्ड बँड’मध्ये थंडीने नव्हे, भीतीने थरथरणाऱ्या तरुणीशी तो ज्या हळुवारपणे बोलतो, त्याला तुटकपणा म्हणणे अवघड आहे. १८९१च्या कथेतली आयरीन ॲडलर त्याला हरवते आणि तो तिचा फोटो जपून ठेवतो. १९१०च्या ‘डेव्हिल्स फूट’मध्ये जीवघेणा प्रयोग अंगाशी आल्यावर वॉटसनची माफी मागताना त्याचा आवाज कापतो. १९२४च्या ‘थ्री गॅरिडेब्स’मध्ये वॉटसनला गोळी लागते तेव्हा होम्सचा मुखवटा आणखी उघडपणे गळून पडतो, हे खरे. पण मुखवट्यामागे माणूस आहे, हे वाचकाला तोवर तीसेक वर्षे ठाऊक होते.

आणि समजा नसते ठाऊक, तरी काय? एखाद्या भावाने धाकट्या बहिणीशी बरे वागावे, ही कुणाची साहित्यकृती कशी होईल? कॉपीराइट शब्दांना, प्रसंगांना, रचनेला मिळतो. दयाळूपणाला मिळत नाही. डॉयल यांच्या पुत्रशोकाचा दाखला मनाला भिडतो, पण परवाना शुल्काच्या मागणीला तो टेकू म्हणून लावणे अप्रशस्तच वाटते.

न्यायालयाला यावर बोलायची संधीच मिळाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने खटला कायमचा निकाली निघाला. १ जानेवारी २०२३ रोजी १९२७च्या उरलेल्या कथाही अमेरिकेत मोकळ्या झाल्या. आता होम्स जगभर कुणाचाच नाही.

बहीण आणली की कथा जमली का?

तसेही नाही. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेत जानेवारी २०१७ मध्ये युरस ही दुसरी बहीण आली. (मालिका पाहायची बाकी असेल त्यांनी हा भाग सोडून पुढे जावे.) तिच्या नावात डॉयल यांचाच धागा आहे : १९१७च्या कथेत होम्स पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याची भाषा करतो आणि युरस म्हणजे ग्रीक पुराणातला पूर्वेचा वारा. बेटावरच्या तुरुंगाला शेरिनफर्ड हे नाव देऊन जुन्या चाहत्यांनाही खूण केली होती. एवढी मेहनत, पण युरस दोन्ही भावांहून कितीतरी हुशार, नुसत्या बोलण्याने समोरच्याला वश करणारी, आणि शेरलॉक असा थंड का झाला याचे एकमेव उत्तर. लहानपणी तिने त्याच्या जिवलग मित्राला विहिरीत टाकून मारले होते, म्हणून.

इथे नातेवाइकाचा उपयोग फसतो. मायक्रॉफ्ट आणि एनोला होम्सविषयी नवे प्रश्न उभे करतात, युरस असलेले प्रश्न मिटवून टाकते. एका विहिरीत त्याचे सगळे कोडे सुटले, तर साठ कथा वाचायच्या कशाला? चौथ्या पर्वाच्या शेवटी अनेक प्रेक्षक नाराज झाले, त्यामागे हे कारण असावे. नव्या नातेवाइकाने नायकाचे रहस्य थोडे वाढवले पाहिजे, निदान संपवू तरी नये.

मराठी लेखकाला आज काय करता येईल?

मोबाइलवर क्रमशः कथा लिहिणारे आणि वाचणारे मराठीत आता थोडे नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला होम्सची बहीण, मावशी किंवा भाची लिहावीशी वाटली, तर परवानगी लागत नाही. भारतात कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. डॉयल गेले १९३० मध्ये. तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमाने त्यांचे साहित्य १ जानेवारी १९८१ रोजीच मोकळे झाले. पुढे ही मुदत ६० वर्षे झाली ती १९४१ मध्ये निधन झालेल्या रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा. पण आधीच मोकळे झालेले तिने परत बांधले नाही. म्हणजे शेवटची होम्सकथा पुण्यातला लेखक १९८१ मध्ये बिनधास्त वापरू शकत होता, न्यूयॉर्कमधल्या लेखकाला त्यासाठी २०२३ उजाडावे लागले.

सावधगिरी दुसरीकडे हवी. एनोला स्प्रिंगर यांची आहे, युरस बीबीसीच्या मालिकेची. त्यांना उचलता येणार नाही. होम्सच्या मराठी अनुवादांवर अनुवादकांचा स्वतंत्र हक्क असू शकतो, तेव्हा मजकूर मूळ इंग्रजीवरून घ्यावा. पात्राला संरक्षण मिळते का, हा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘दबंग’मधल्या चुलबुल पांडेच्या वादात, पुरेसे वेगळेपण असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकते हे तत्त्व मान्य केले आहे.

फेलूदा, फाफे आणि ब्योमकेशचे काय?

त्यांच्या घरी न विचारता पाहुणे नेता येणार नाहीत. सत्यजित राय १९९२ मध्ये गेले, त्यामुळे फेलूदा २०५२ संपेपर्यंत राखीव. आपल्या फास्टर फेणेचे निर्माते भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. बनेश फेणेला नवी आत्या किंवा आतेबहीण द्यायची, तर वारसांची परवानगी घ्यावी नाहीतर २०६२ची वाट पाहावी. फेलूदाच्या बाबतीत तर खुद्द राय यांनीच नाते बदलले होते. पहिल्या कथेत तोपशे त्याचा मावसभाऊ आहे, पुढे तो चुलतभाऊ होतो. वाचकांनी ते पोटात घातले. पुढे ‘लंडनमध्ये फेलूदा’ या कथेत राय यांनी त्याला बेकर स्ट्रीटवर नेऊन होम्सला नमस्कारही करायला लावला.

सर्वांत आधी मोकळा होईल तो ब्योमकेश बक्षी. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचे निधन १९७०चे, म्हणजे तारीख १ जानेवारी २०३१. मात्र होम्सभोवती आहे तशी पोकळी तिथे नाही. वडील गणिताचे शिक्षक, आई वैष्णव, बायको सत्यवती, एक मुलगा, असा भरला संसार लेखकानेच देऊन ठेवला आहे. त्या घरात नवे माणूस आणायचे, तर आधी सत्यवतीला विचारावे लागेल.